पेटीतला खर्ज

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी समजून घ्यायची तर आधी तिच्या तोंडावरच्या कळा वाचाव्यात. एक कळ पट्टी ठरवते, एक आवाज कमी-जास्त करते, एक छेडण्याची गती. एका खटक्याने पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची ते निवडायचं. जरा वरच्या दर्जाच्या पेटीत प्रत्येक तार वेगळी चढवण्या-उतरवण्यासाठी बारीक कळा असतात. मागे विजेची वायर, पोटात बॅटरी, समोर जाळीआड लहानसा स्पीकर. खांद्याच्या पिशवीत मावणाऱ्या एवढ्या ऐवजात कुणीतरी पाच फुटी तंबोरा बसवला आहे. तो बसवताना त्या माणसाला पावलोपावली निवड करावी लागली असणार: काय ठेवल्याशिवाय चालणार नाही, आणि काय सोडलं तरी निभावेल. मूळ ग्रंथावर भाष्य लिहिणारा हेच करतो. म्हणून मी ही पेटी तंबोऱ्यावरचं भाष्य म्हणून ऐकतो. तिच्यात जे साधलं आहे आणि जे निसटलं आहे, त्या दोन्हींमुळे मूळ तंबोऱ्यातल्या अशा गोष्टी कानावर येतात, ज्या एरवी सवयीने ऐकू येईनाशा होतात.

कोल्हापुरात बसून हे ऐकण्यात विशेष गोडी आहे, कारण मूळ तंबोरा इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, मिरजेत घडतो. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, त्याच्या आधीच, १८८३ मध्ये, कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब उभा राहिला होता. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँ आले आणि जयपूर-अत्रौली गायकीने या गावात मूळ धरलं. १९२२ मध्ये महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. या सगळ्या गाण्याच्या पाठीशी तंबोरा होता. आज त्याच गावात, राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, सकाळी सहाला कळ दाबली जाते आणि पेटीतून पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज अशी माळ सुरू होते. दोन्ही गोष्टी इतक्या जवळ नांदत असलेलं गाव सापडणं कठीण.

हे भाष्य प्रथम लिहिलं गेलं दक्षिणेत. बंगळुरूचे जी. राज नारायण हे अभियंता आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबुरा लोकांसमोर आणला, आणि त्यांच्या रॅडेल कंपनीच्या पेट्या पुढे देशभर घराघरांत पोचल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे सूरपेटी होती. भाता हलवायचा, पत्ती वाजते, सूर सलग मिळत राहतो. गायकाला नुसता आधारस्वरच हवा असता तर विजेवर चालणारी सूरपेटी करणं सगळ्यांत सोपं होतं. एक सलग ध्वनी काढायला फारसं काही लागत नाही. पण तंबुऱ्याच्या पेटीत चार तारा वेगवेगळ्या छेडल्या जातात, प्रत्येक सूर उमटतो, भरतो आणि ओसरतो, आणि ओसरता ओसरता पुढचा त्यात मिसळतो. पेटी करणाऱ्याने केलेली ही पहिली निवड मला फार मोलाची वाटते. तंबोऱ्याचं सत्त्व सुरात आहे तितकंच सुराच्या येण्या-जाण्यात आहे, हे त्याने ओळखलं. सूरपेटीसमोर गाताना आपला आवाज एका सपाट भिंतीला टेकून उभा असतो. तंबोऱ्यात तो एका हलत्या गोष्टीशी जुळवून घेतो, आणि म्हणून जागा राहतो.

आता मिरजेकडे वळू. तिथे तंतुवाद्यांचं काम सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धनांच्या संस्थानी अमदानीत. ते सुरू करणारे फरीदसाहेब हे शिकलगार. तलवारींना धार लावणाऱ्या, हत्यारं दुरुस्त करणाऱ्या या घराण्याचे हात हत्यारांची मागणी सरल्यावर सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीला तेच नाव पडलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँही मिरजेत राहिले, तिथल्याच ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. गाणारे आणि वाद्य करणारे एका गावात असल्याने काय होतं, हे मिरजेत दिसतं. गवयाला सूर कुठे टोचतो ते कारागिराला समोरासमोर कळतं, आणि कानशीचा पुढचा हात त्या बोलण्यावरून फिरतो.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा खाण्याचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू, मुद्दाम मोठा वाढवलेला. तो महिनोन् महिने वाळवायचा, कापायचा, आतून साफ करायचा. त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, तोंडावर तबली बसवायची. खुंट्या, मणी, नक्षी, पॉलिश, हे सगळं त्यानंतर. दिसायला सगळ्यांत मोठा भोपळा आणि सगळ्यांत देखणी नक्षी; पण तंबोऱ्याचं तंबोरापण ठरतं ते तबलीवरच्या घोडीवर. वीतभरही नसलेली ही चपटी पट्टी. तिच्या माथ्याला इतका सूक्ष्म उतार दिलेला असतो की नुसत्या डोळ्याला ती सपाटच वाटावी. तार या उतारावरून निघते, आणि कंप पावताना घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच चाटून जाते. तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करत योग्य जागा शोधायची. ती सापडली की बोजड, ठक्क वाजणारी तार एकदम उजळते, तिच्यातून बारीक झंकार बाहेर पडू लागतो आणि सूर लांबतो. हीच जवारी. चांगला कारागीर घोडीवर कानस फिरवताना दर दोन-तीन हातांनंतर तार चढवून ऐकतो. मोजपट्टी त्याच्या कानात असते.

या झंकाराचं शास्त्र सी. व्ही. रामन यांना खुणावत होतं. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर त्यांनी १९२१ मध्ये लिहिलं. कुठल्याही तारेच्या आवाजात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही असतात. नेहमीचा नियम असा की तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर आवाजातून गळून पडतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यावर मात्र ते येतात. घोडीच्या उतारावर तार घासत राहते, त्यामुळे न छेडलेले उपस्वरही जागे होतात आणि सगळी पंगत भरून निघते. तंबोऱ्याचा हा बंडखोर गुण रामन यांनी टिपला. आपल्या गवयांना तो अर्थात केव्हापासूनच ठाऊक होता. खर्जाच्या तारेतून आपोआप डोकावणाऱ्या गंधाराला त्यांनी स्वयंभू म्हटलं आहे. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे हा गंधार. गायक काळी एकमध्ये गात असेल तर मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, खर्ज त्याच्या निम्म्याने, ६९ च्या आसपास, आणि त्याच्या पाचपटीवर, सुमारे ३४६ वर, हा गंधार उभा राहतो. त्याच पट्टीत हार्मोनियमचा गंधार ३४९ च्या जवळ असतो. फरक तीन कंपनांचा, पण दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला तीनदा लाट उठते. भूप किंवा यमन गाणाऱ्याचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारात विरघळतो तेव्हा ती लाट थांबते. गायकाला काय साधलं हे सांगावं लागत नाही, त्याच्या घशालाच कळतं.

इथेच पेटीचं सगळ्यांत मोठं कोडं आहे, आणि त्याच्या उत्तराने मला तंबोरा नव्याने कळला. पेटीचा स्पीकर तीन-चार इंचांचा. सेकंदाला ६९ कंपनांचा आवाज एवढ्या लहान स्पीकरमधून जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरीही पेटी लावली की खर्ज ऐकू येतो. कुठून येतो? वरचे उपस्वर कानावर पडतात: १३९, २०८, २७७, ३४६ आणि त्यापुढचे. त्या सगळ्यांमधलं अंतर सारखंच, ६९ चं. आपला मेंदू या रांगेवरून तिचा पाया ओळखतो, आणि न वाजलेला खर्ज आपल्याला ऐकवतो. टेलिफोनवर पुरुषाचा भरदार आवाज भरदारच वाटतो, त्याचं कारणही हेच. पण हे जमायला वरचे उपस्वर मुबलक आणि ठळक हवेत. ज्या वाद्याची सगळी ताकद मूळ स्वरात असेल, ते अशा पेटीत घातल्यावर केविलवाणं वाजेल.

आणि आता मूळ तंबोऱ्याकडे पाहा. त्याच्या भोपळ्यातूनसुद्धा ६९ कंपनांचा मूळ स्वर फार थोडा बाहेर पडतो. तेवढ्या खोल सुरासाठी ते आकारमान लहानच आहे. तंबोऱ्याचा खर्ज आपण ऐकतो तोही बहुतांशी जवारीने उजळलेल्या उपस्वरांतून. म्हणजे पेटीत जी युक्ती चालते ती पेटीची नव्हेच. मिरजेच्या कारागिराने घोडीवर कानस फिरवून ती आधीच करून ठेवलेली आहे. तंबोरा पिशवीत मावू शकला, कारण त्याचा खर्ज मुळातच ऐकणाऱ्याच्या कानात जुळून येणारा होता. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं मुख्य कारण हे आहे. त्याने तंबोऱ्याचा नेमका कणा पकडला.

पण कणा म्हणजे अख्खं शरीर नव्हे. सुरुवातीच्या पेट्यांत सूर विजेच्या मंडलातून तयार केलेला असे. त्यात उपस्वर होते, गंधारही होता. गणिताच्या हिशेबाने तो शुद्धच असणार. पण सगळे उपस्वर एकाच क्षणी जन्मत आणि एकाच चालीने विझत. लाकडी तंबोऱ्यात तसं होत नाही. तार छेडली की तिचा हेलकावा मोठा असतो, मग कमी कमी होत जातो, आणि त्याबरोबर घोडीवर ती कुठे टेकते ती जागाही सरकते. त्यामुळे उपस्वर एकापाठोपाठ एक पुढे येतात, मागे जातात. गंधाराला प्रवेश आहे आणि निर्गमनही. शांत खोलीत एकच खर्ज छेडून डोळे मिटून ऐकलं तर ही सगळी वर्दळ ओळखता येते. जुन्या पेटीत गंधार होता, पण तो आधीच येऊन बसलेला असे.

नंतरच्या पेट्यांत खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण चिपवर साठवलं गेलं आणि ही उणीव बरीच भरून निघाली. त्यातून नवी अडचण आली. एका पट्टीतलं मुद्रण दुसऱ्या पट्टीत हवं असेल तर सोपा उपाय म्हणजे ते जलद किंवा सावकाश चालवणं. जलद चालवलं की सूर चढतो, पण त्याबरोबर भोपळ्याचा आणि तबलीचा स्वतःचा नादही चढतो. पट्टी काळी एकवरून पांढरी पाचला नेली की वाटतं, भोपळा आकसला. खाली उतरवली की तोच भोपळा फुगून रांजणासारखा घुमतो. सूरही तितकाच लवकर किंवा उशिरा विझतो. मिरजेत पुरुषी गळ्यासाठी मोठा तंबोरा आणि बायकांच्या पट्टीसाठी वेगळ्या मापाचा लहान तंबोरा करतात, तार वेगळ्या जाडीची घालतात, ते याचसाठी. प्रत्येक पट्टीला तिच्या अंगाचं लाकूड हवं. चांगल्या पेट्या आणि आता मोबाइलवरची अॅप वेगवेगळ्या पट्ट्यांची वेगळी मुद्रणं ठेवून यातून वाट काढतात. तरी कळ फिरवताना ज्या टप्प्यावर तंबोरा एकदम बदलल्यासारखा वाटतो, तो टप्पा जरूर ऐकावा. तिथे एक भोपळा संपतो आणि दुसरा सुरू होतो.

पहिल्या तारेचा खटका ही पेटीतली सगळ्यांत विचारी जागा. बहुतेक रागांना पंचम. मालकंसाला पंचम वर्ज्य, म्हणून मध्यम. मारव्यातही पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तेव्हा बरेच जण निषाद लावतात. इथवर हा खटका म्हणजे रागशास्त्राचा पहिला धडाच आहे. विद्यार्थ्याला खटक्यापाशी थांबावं लागतं, मग विचार करावा लागतो: आज कोणता राग, त्याला कोणता सूर चालेल. पण कोल्हापूरच्या गायकीत हा खटका अडखळतो, आणि ते फार सुंदर आहे. जयपूर घराण्याने जपलेल्या रागांत संपूर्ण मालकंस आहे. त्यात मालकंसाचं अंग आहे आणि पंचम-रिषभही आहेत. पंचम लावावा तर मालकंसाची ठेवण बिघडण्याची धास्ती, मध्यम लावावा तर पंचमावर येताना पाठीशी कुणी नाही. हा निर्णय खटक्याचा उरत नाही, तो गायकाचा असतो, त्या दिवसाचा, त्या मांडणीचा. जोडराग आणि अनवट राग हे ज्या घराण्याचं वैभव, तिथे पहिल्या तारेचा विचार रागाच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही. खटका फक्त प्रश्न पुढ्यात ठेवतो. मला ते पुरेसं वाटतं.

मधल्या दोन तारांचं सांगायला हवं. जोडीच्या तारा दोन्ही षड्जाच्याच. पुष्कळ पेट्यांत त्या तंतोतंत सारख्या वाजतात, कारण एकच मुद्रण दोनदा वापरलेलं असतं. ऐकायला स्वच्छ, पण थोड्या वेळाने कानाला त्यात धरायला काही उरत नाही. लाकडी तंबोऱ्यात दोन तारा कितीही जुळवल्या तरी त्यांचं तंतोतंत एक होणं क्षणापुरतं असतं. सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर सेकंदाला एक लाट उठते. मणी किंचित सरकवला की ती लाट लांबते, दोन सेकंदांची होते, चार सेकंदांची होते, आणि मग जणू श्वास रोखल्यासारखी थांबते. जुळलेल्या तंबोऱ्याची व्याख्या करायची तर ती या लाटेच्या लांबीने करावी लागेल. किशोरी आमोणकर मैफलीआधी तंबोरे जुळवायला किती वेळ घेत, हे त्यांना ऐकलेल्या सगळ्यांना आठवतं. श्रोते ताटकळत, काही वैतागतही. मला तो वेळ मैफलीचाच भाग वाटतो. त्या वेळात सभागृहातले सगळे कान हळूहळू एका लाटेपाशी येऊन थांबत, आणि पहिला षड्ज लागण्याआधीच ऐकणं सुरू झालेलं असे.

गतीच्या कळेबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पेटी सेकंदाच्या काट्यासारखी छेडत राहते. तंबोऱ्यावर मधलं बोट पहिल्या तारेवर आणि तर्जनी उरलेल्या तिन्हींवर. बोटाच्या मांसल कडेने, नखाचा आवाज येऊ न देता, तार खेचायची नाही, तिच्यावरून बोट उतरू द्यायचं. ही छेड तालाशी बांधलेली नसते. ती एका चालीची असते, पण यंत्राची नसते. गायक लांब दमाची जागा घेतो तेव्हा चांगला साथीदार छेड किंचित भरतो, गायक थांबला की तिला मोकळं सोडतो, आणि हे सगळं ऐकणाऱ्याच्या नकळत होतं. जयपूरची गायकी दमसासाची. एका श्वासात आलेली सलग फिरत संपते आणि पुढचा श्वास भरला जातो, तेवढ्या फटीत तंबोरा एकटाच ऐकू येतो. ती फट पेटी प्रत्येक वेळी एकाच मापाने भरते. माणूस ती पाहून भरतो.

तो माणूस कोण, हाही प्रश्न आहे. मैफलीत तंबोऱ्यावर बसतो तो शिष्य. त्याला गुरूची पाठ दिसते, मान दिसते, श्वास कधी भरला ते खांद्यांवरून कळतं. तबलजी आणि हार्मोनियमवाल्याकडे टाकलेला कटाक्ष दिसतो, सम चुकता चुकता कशी सावरली ते दिसतं. घरी शिकवताना गुरू जे बोलून सांगू शकत नाही ते तिथे बसून मिळतं. तासभर एकच काम करत, स्वतः न गाता, दुसऱ्याच्या गाण्याच्या मधोमध बसायचं. या शिक्षणाला दुसरा पर्याय मला दिसत नाही. पेटी मंचावर आली आणि तंबोऱ्याची जागा तिने घेतली, की एका शिष्याची बसायची जागाही गेली. म्हणून रियाजाला पेटी जरूर असावी आणि मैफलीत नसावी, असं मी ठामपणे म्हणतो. छोट्या गावांत शिष्य मिळत नाहीत, दोन तंबोरे बसमधून नेणं परवडत नाही, हे खरं आहे. अशा वेळी एक लाकडी तंबोरा ठेवून त्याच्या मागे पेटीचा हलका आधार द्यावा. एक तरी शिष्य मागे बसू द्यावा.

पण रियाजाच्या खोलीत या पेटीने काय केलं आहे, ते याहून मोठं आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. गायिका मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सांगलीत त्या रियाज करत असत, आणि औषधोपचारासाठी तिथे आलेल्या अल्लादिया खाँच्या कानावर तो रियाज पडला. तिथून त्यांची तालीम सुरू झाली. त्या काळी रियाज करायचा तर तंबोरा हवा, तो जुळवून देणारं कुणीतरी हवं, आणि घरात तेवढी जागा आणि मोकळीक हवी. गाणं शिकायची इच्छा असलेल्या किती मुलींकडे हे तिन्ही एकत्र होतं? आज कोल्हापुरात सकाळी मुलांचे डबे भरून झाल्यावर अर्धा तास मिळणारी बाई, पाळी संपवून रात्री दहाला घरी येणारा एमआयडीसीतला कामगार, शाहूपुरीत भाड्याच्या खोलीत राहणारा गडहिंग्लजचा विद्यार्थी, हे सगळे पेटीसमोर बसू शकतात. जुलैच्या दमट हवेत लाकूड ओल धरतं, खुंटी एकतर सरकत नाही नाहीतर टिकत नाही, अर्धा तास निव्वळ जुळवण्यात जातो. पेटीला पाऊस लागत नाही. वीज गेली तर बॅटरी आहे. सूर जिथे ठेवला तिथेच असतो. रोज न चुकता अर्धा तास शुद्ध षड्जासमोर बसणं ही गोष्ट आज इतक्या लोकांच्या आवाक्यात आहे, तिचं मोठं श्रेय या पेटीला द्यायलाच हवं.

फक्त एक काळजी घ्यावी. तंबोऱ्याचा आवाज मुळात लहान असतो. गायक त्याच्यात मिसळण्यासाठी आपला आवाज ऐकत ऐकत लावतो. पेटीचा आवाज वाढवता येतो, आणि पंखा, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न यांच्यावर मात करायला आपण तो वाढवतो. मग गळाही चढतो. तासाभराने खर्ज लागत नाही आणि दोष आपण गळ्याला देतो. पेटी कमरेच्या उंचीवर, पाठीमागे, इतक्या हळू ठेवावी की ती ऐकायला कान द्यावा लागेल. अशी ठेवली तर पेटीसुद्धा शिकवते.

उरली ती एक गोष्ट, जी कुठल्याच कळेत बसली नाही: जुळवणं. पट्टीची कळ फिरवली की पंचम, षड्ज, खर्ज सगळे एकदम आपापल्या जागी. चूक करायला जागाच नाही, म्हणून चूक ऐकायलाही जागा नाही. खुंटी पिळताना सूर खालून वर येतो, वाटेत चुकीच्या शेकडो जागांवरून जातो, आणि बरोबर जागा ओलांडून पुढे गेला की कळतं, ती मागे राहिली. श्रुती म्हणजे काय हे पुस्तकातून समजत नाही, ते या येरझाऱ्यांत समजतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अब्दुल करीम खाँ यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींचा शोध घेतला तो तारा लावून, कानाने ऐकून आणि मोजून. आजच्या विद्यार्थ्याला तयार सूर मिळतो आणि या येरझाऱ्यांना तो मुकतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की आठवड्यातून एकदा तरी रियाज लाकडी तंबोऱ्यावर व्हावा, आणि त्या दिवशी गायला पाच मिनिटं कमी मिळाली तरी हरकत नाही. संगीताच्या प्रत्येक वर्गात एक मिरजेचा तंबोरा असावा, आणि तो कपाटावर गवसणीत न राहता मुलांच्या हातात असावा. तो बिघडेल, तार तुटेल, जवारी जाईल. मिरज एका तासावर आहे.

ज्यांना लाकडी तंबोरा घरी ठेवणं किंवा नेणं शक्य नाही, त्यांच्यासाठी मिरजेच्या कारागिरांनी स्वतःच एक उत्तर काढलं आहे, आणि ते मला अतिशय आवडतं. बिनभोपळ्याची, चपट्या पोटाची, दोन-अडीच फुटी तंबोरी. बॅगेत घालून खांद्याला लावता येते, महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थवर उशाशी ठेवता येते. पोट लहान, म्हणून नाद लहान. त्यावर उपाय म्हणून काहींना पिकअप बसवलेलं असतं. वायर स्पीकरला जोडली की पाहिजे तेवढा आवाज. वीज इथेही आली, पण ती आली तारेच्या शेवटी. तारा खऱ्या, घोडी खरी, दोरा खरा. मोठ्या भोपळ्याची गोलाई हिच्यात मिळत नाही, आणि पिकअप थेट घोडीजवळचा कंप उचलतं म्हणून झंकार जरा कोरडा, जवळून आल्यासारखा वाटतो. स्पीकरवर खालचा सूर थोडा वाढवला आणि वरचा थोडा उतरवला की तो बराच मऊ होतो. जोडीच्या तारांतली लाट मात्र अगदी स्पष्ट ऐकू येते, मोठ्या तंबोऱ्यापेक्षाही स्पष्ट, कारण तिला झाकायला भोपळ्याची घुम नसते. नव्याने जुळवायला शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. कारागीर तंबोरी हातात देताना दोऱ्याची जागा बोटाने दाखवतो, तार एकदा उतरवून पुन्हा लावायला सांगतो, आणि ती लागेपर्यंत शेजारी बसून ऐकत राहतो.